पाणीपाळी कुणी पुसली?

१

“शिवराजकाका, आमची पाणीपाळी तुम्हीच बुडवलीत ना?”

प्रश्न मनस्विनीच्या तोंडून गेला खरा, पण तो होता पैजेचा. मधल्या सुट्टीत चौघी मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, “लई बोलतेस ना वर्गात? त्यांच्या तोंडावर विचारून दाखव की!” आता त्या चौघी बीड बायपासच्या कडेला, शिवराजच्या ऑफिसबाहेर टँकरच्या चाकामागं लपून कान टवकारून उभ्या होत्या. गेल्या वर्षापर्यंत ही पोरगी हजेरी देतानासुद्धा पुटपुटायची. नववीत आली आणि तिला आवाज फुटला. त्या आवाजामागं होती पाणीपाळी.

पाणीपाळी म्हणजे तिची वेबसाइट. बीड बायपासलगतच्या सातारा परिसरात पाच-सहा वर्षांत इमारती भराभर उगवल्या, पण नळ काही त्यांच्या मागोमाग आले नाहीत. त्यात यंदाचा दुष्काळ. वीस गल्ल्यांना शिवराजचे टँकर पाळीनं पाणी देत. कुठल्या गल्लीला कोणत्या वारी, किती वाजता, हे कॉलनीची समिती ठरवायची आणि मनस्विनी रोज संध्याकाळी साइटवर चढवायची. साइटचा पत्ता कुणाच्या लक्षात नसे. लोक मोबाइलमध्ये नुसतं ‘टँकर कधी’ असं टाकायचे आणि पहिल्याच ओळीत पाणीपाळी हजर.

सोमवारी ती ओळ गायब झाली. दहाव्या पानापर्यंत शोधलं, नाव घालून शोधलं, तरी नाही. पहिल्या जागेवर शिवराजची साइट ऐटीत बसली होती: ‘पाणी संपलं? तातडीचा टँकर. फोन करा.’

“बस पोरी,” शिवराज म्हणाला. गंगापूरकडचा माणूस, आवाज कसा विहिरीतून आल्यासारखा. “मधुसूदनरावांची ना तू? पानी पे आधी.”

“नको. तुमची साइट एका महिन्यात वर कशी आली?”

“पुन्याच्या एजन्सीनं आनली. पैसे मोजले, वर आलो. चोरी केली का काय?”

“आमच्या साइटला लिंकांवरून शिक्षा झालीय, असं सुयशदादा म्हणाला. कुणीतरी मुद्दाम केलंय हे.”

शिवराज इतका हसला की बाहेरच्या चौघी चाकामागून दचकून उठल्या. “आगं, म्या कशाला बुडवू? म्या तर तुमचा शुभेच्छुक! घरी जाऊन बघ.”

टोमणा मारतो वर! मनस्विनी तणतणत बाहेर आली. मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या, पण तिचं तिकडं लक्षच नव्हतं. फोन वाजत होता. समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब.

“मनू, बाळ, लोक ओरडायलेत. रविवारपर्यंत तुझं ते दिसायला लागलं नाय, तर पाळीची यादी शिवराजच्या साइटवर द्यायचं ठरलंय.”

आज बुधवार होता.

२

तात्यासाहेब लासूर स्टेशनला अडत दुकान चालवून आता इथं मुलाच्या बंगल्यात राहायला आलेले. ते सहा संस्थांचे अध्यक्ष होते आणि सहाही संस्थांचे लेटरहेड त्यांच्या उशाशी असायचे. मनस्विनी पोचली तेव्हा व्हरांड्यात चतुराबाई बसल्या होत्या. शेवटच्या गल्लीत अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर त्या सुनेसोबत राहायच्या आणि रखवाली करायच्या.

“टँकर आला कधी, गेला कधी, कळलंच नाय,” चतुराबाई सांगत होत्या. “सून मोबाइल बघती, तर तिथं आपलं पानच नाय. पाळी हुकली. पिंपात तळ दिसायलाय, तात्या. शेजारणीकडून किती दिवस आणू?”

मनस्विनी त्यांच्याशेजारी बसली. गेले तीन दिवस तिला फक्त एवढंच वाटत होतं, की माझी साइट गेली. चतुराबाईंचं पिंप तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“तात्या, तुम्ही कुणाला पासवर्ड दिला होता का?” तिनं विचारलं.

“पासवर्ड? मला मोबाइलचा आवाज बारीक करता येत नाय, पोरी! माझ्यावर संशय घेतीस व्हय?” तात्यासाहेब उखडले. “मी कशाला बुडवू? माझा फोटो टाकायचा सोडून तू पाण्याच्या वेळा टाकत बसलीस, तरी बोललो का एका शब्दानं?”

“बोललात. तीनदा.”

“चारदा बोललो असेन. पण बुडवली नाय.”

ती उठली तशी चतुराबाईंनी तिचा हात धरला. “लवकर आण बाय ते पान. माझं नाव बी हाय की त्याच्यावर. सुनेनं दावलं होतं.”

“नाव नसेल आजी, गल्ली असेल तुमची. माझ्या यादीत कुणाचीच नावं नाहीत.”

“नाय कशी? वाचता येत नसलं म्हणून काय झालं! सुनेनं बोट ठिवून दावलं, खाली, येकदम खाली.”

३

दुसऱ्या दिवशी दुपारी सुयश मनस्विनीच्या घरी आला. तो त्या चौघींतल्या ओवीचा आत्येभाऊ, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. साइटचा सांगाडा त्यानंच उभा करून दिला होता. ओवीही आली. रहस्य म्हटलं की तिला जेवण सुचत नसे.

सुयशनं सर्च इंजिनकडून आलेला निरोप उघडला. सोमवारी परीक्षेच्या गडबडीत त्यानं फक्त मथळा वाचला होता. आता सगळा दोनदा वाचला.

“बोल की!” मनस्विनी म्हणाली.

“मने, आपण चुकीच्या माणसाला पकडत होतो. हे बघ. एका साइटनं दुसरीची लिंक दिली, तर सर्च इंजिन ते मत धरतं. जास्त मतं, तो वर. म्हणून लोक मतं विकत घेतात.”

“शिवराजकाकांच्या एजन्सीनं तेच केलं असणार.”

“असणार. पण शत्रूनं बाहेरून तुझ्या साइटकडं घाणेरड्या लिंका सोडल्या असत्या, तर निरोप वेगळा आला असता. इथं म्हटलंय, तुझ्या साइटवरून बाहेर जाणाऱ्या लिंक संशयास्पद आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझ्या साइटनं मतं विकली.”

“डोकं फिरलंय का तुझं!” मनस्विनी खुर्चीवरून उठलीच. “माझ्या साइटवर एकही लिंक नाही! आणि घेणारा पहिल्या नंबरावर, विकणारा तळाला? हा कुठला न्याय?”

“तो अजून सापडला नाही. तू सापडलीस.”

“आधी नोटीस तरी द्यायची! कुणाशी भांडू मी? एक चेहरा तरी दाखवा!” तिनं मॉनिटरवर बोट आपटलं. मॉनिटर शांत होता, आणि तेच तिला सगळ्यात जास्त झोंबत होतं. चार दिवस ती ज्याच्याशी भांडत होती त्याला ना टेबल होतं, ना खुर्ची, ना कान.

“पण लिंका आहेत कुठं?” ओवीनं विचारलं. “ते सांगितलंच नाहीये यात.”

खाली, येकदम खाली.

मनस्विनी चपापली. वेळा चढवायच्या तर ती फक्त तक्ता उघडायची. साइटचं पान वरून खालपर्यंत तिनं शेवटचं कधी पाहिलं होतं? तिनं मोबाइलवर शेवटच्या गल्लीचं पान उघडलं आणि बोटानं वर सरकवत नेलं. तक्ता संपला, रिकामी जागा संपली, आणि मग फिकट अक्षरांत मथळा आला.

शुभेच्छुक.

खाली सेहेचाळीस नावं. गल्लीगल्लीच्या पानाखाली तीच. चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावर खाली चेहऱ्यांची आणि नावांची जशी रांग असते, अगदी तशी. ती रांग कोण वाचतं? वीस गल्ल्यांतल्या शिकल्यासवरल्या लोकांनी चार महिने हे पान पाहिलं आणि कुणाचीही नजर त्यावर ठरली नाही. नजर ठरली ती फक्त चतुराबाईंच्या सुनेची, कारण तिथं सासूचं नाव होतं. शेवटून दुसरं, बिनलिंकेचं.

“शिवराज वॉटर सप्लायर्स, सतरावे!” ओवी किंचाळली. “खरंच शुभेच्छुक निघाले की गं ते!”

सुयश बदलांची नोंद काढत होता. कुणी, कधी, काय बदललं ते तिथं उमटलेलं असतं. त्यानं मॉनिटर हळूच मनस्विनीकडं वळवला.

सेहेचाळीसच्या सेहेचाळीस नावं एकाच खात्यातून घातली होती. खात्याचं नाव होतं ‘मनस्विनी’.

४

“तू झोपेत चालतेस का गं?” शुक्रवारी मधल्या सुट्टीत ओवीनं विचारलं.

“गप गं. मला जरा नीट विचार करू दे.”

यादीची छापील प्रत मनस्विनीच्या भूगोलाच्या वहीत होती. आधी तिनं सुयशवरच तोफ डागली होती. त्यानं हात जोडले होते, “नक्को माझे आई! माझं वेगळं खातं आहे, मी तुझं कशाला वापरू? आणि हे वाच.” यादीत बेचाळिसावं नाव होतं ‘मा. ऑनलाइन रमी परिवार’. त्रेचाळिसावं ‘मा. झटपट कर्ज परिवार, लंडन’. “मी असलं लिहीन? मला कळतं हे काय असतं ते. हे बाहेरचे लिंक विकत घेणारे लोक. ह्यांच्यामुळंच तर साइट पकडली गेली.”

“बरोबर आहे त्याचं,” मनस्विनी आता ओवीला म्हणाली. “ज्याला कळतं तो रमीच्या मागं ‘माननीय’ लावणार नाही. आणि ज्याला फसवायचंय, तो मथळा देऊन चव्हाट्यावर यादी मांडणार नाही. लपवून ठेवील. म्हणजे हा माणूस लबाड नाही. उलट फार सभ्य आहे. आणि त्याला इंटरनेटमधलं ओ की ठो कळत नाही.”

“तात्यासाहेब!”

“तात्यांनी यादी केली असती, तर तात्या अकरावे असते?”

ओवीनं वहीत पाहिलं. तात्यासाहेब खरंच अकरावे होते. “नाही बाई. पहिले असते. फोटोसकट.”

“शिवराजकाकांनी केली असती तर चतुराबाई त्यात नसत्या. आता वेळ बघ. सगळी नावं रविवारी घातलीत. दिवाळीपासून दर एक-दोन रविवारी, सकाळी दहा ते अकरा. आमच्या गल्लीची पाळी कधी असते?”

“रविवारी दहाला. तू गच्चीवर असतेस, टाकीत पाइप धरून.”

“आणि खालचा कॉम्प्युटर चालूच असतो. माझं खातं उघडंच असतं.” मनस्विनीचा आवाज खाली आला. “आई रविवारी सकाळी लॅबमध्ये असते, ड्यूटीवर.”

ओवीनं वही तिच्याकडं सरकवली.

“आता क्रम बघ. आधी डॉक्टर. मग निवृत्त शिक्षक. मग समिती. मग दुकानं, गल्लीच्या नंबरानुसार. मग बाहेरगावचे हितचिंतक. आणि सगळ्यात शेवटी ‘समस्त मित्रपरिवार’.” तिनं दप्तरातून एक पातळ पुस्तक काढलं. कॉलनीच्या गणेश मंडळाची स्मरणिका. सकाळी आईच्या कपाटातून तिनं ती गुपचूप उचलली होती. शेवटच्या पानावर शुभेच्छुक होते: आधी डॉक्टर, मग निवृत्त शिक्षक, मग समिती, मग गल्लीवार दुकानं.

“संपादक कोण आहे गं?” ओवीनं हळूच विचारलं.

मनस्विनीनं पुस्तक मिटलं. नऊ वर्षं संपादक एकच होता, आणि तो तिला रोज सकाळी शाळेत सोडायला यायचा.

५

मधुसूदन ऑफिसातून येऊन चहा घेत होते. मनस्विनीची आई अंबिका भाजी धुतलेलं पाणी कुंडीत ओतत होती. मनस्विनीनं दप्तर खांद्यावरून उतरवलंच नाही.

“बाबा, पाणीपाळीच्या खाली शुभेच्छुक तुम्ही टाकलेत?”

“मग काय!” मधुसूदन खुशीत म्हणाले. “दिसले का तुला? मी म्हटलं, बघू कधी लक्षात येतंय. स्मरणिकेसारखंच सजवलंय. नावावर बोट ठेवलं की दुकानाची साइट उघडते. डॉक्टरसाहेबांच्या मुलानं शिकवलं मला.”

तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप. “त्याच्यामुळंच तर साइट गेली!”

तिनं भराभर सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मधुसूदनांचा कप खाली गेला. “पण स्मरणिकेत आपण हेच करतो,” ते म्हणाले. “जो मदत करतो त्याचं नाव खाली. दिवाळीत साइटची वर्षाची फी आली. तू सगळ्यांना सांगत होतीस, आमचं कुणाच्या मदतीशिवाय चालतं. मला तुझा तो तोरा मोडायचा नव्हता. म्हटलं, थोडी वर्गणी घेऊ, नावं टाकू. चतुराबाईंनी तर बळंच हातात नाणं कोंबलं. त्यांचं नाव कसं नाही टाकायचं?”

“आणि रमी?”

“त्यांची इंग्रजीत मेल आली होती.” मधुसूदन लाजले. “आम्ही आपल्या साइटचे चाहते आहोत, असं लिहिलं होतं. लंडनहून. इतक्या लांबच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? परिवार लिहिलं, बरं दिसावं म्हणून.”

अंबिकानं तोंडाला पदर लावला. हसू होतं की काय, सांगता आलं नसतं.

“बाबा, स्मरणिका वाचून कुणी रमी खेळायला गेलं नाही! चतुराबाईंची सून सासूचं नाव शोधत होती. तिचं बोट तीन ओळी वर पडलं असतं तर? पाणी बघायला येतात लोक आपल्याकडं. विश्वासानं येतात.”

“मग मला शिक्षा करा की!” मधुसूदनांचा आवाज चढला. “दंड करा, नावं काढायला लावा. सगळी साइटच पुसायची? महापालिकासुद्धा आधी नोटीस लावते दारावर. आणि तो शिवराज, पैसे मोजून वर बसलाय, त्याला कुणी विचारत नाही!”

हीच गोष्ट मनस्विनीला कालपासून कुरतडत होती. मतं विकली तर शिक्षा हवीच, नाहीतर उद्या रमीवालेच सगळ्यांच्या वर बसतील. पण शिक्षा झाली कुणाला? पिंप रिकामं राहिलं चतुराबाईंचं. त्यांनी काय विकलं होतं?

तेवढ्यात सुयशचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

“नावं काढून टाकली मी,” तो म्हणाला. “आता फेरविचाराचा अर्ज करायचा. त्यात लिंका कशा आल्या ते लिहावं लागतं. ऐक, माझ्या मित्रानं लिहिलं होतं, साइट हॅक झाली. एका दिवसात सुटला. दुसऱ्यानं खरं लिहिलं, तर उलटसुलट प्रश्न आले, तीन आठवडे गेले. परवा रविवार आहे, मने. तूच ठरव.”

६

शनिवारी सकाळी टेबलावर अर्जाचं पान उघडं होतं. मनस्विनी एक तास त्याच्यासमोर बसून होती.

“लिही की हॅक झालं म्हणून,” अंबिका म्हणाली. “तिकडून कोण येतंय बघायला? बाबांचं नाव कशाला त्या कागदात? समितीत कळलं तर तात्या वर्षभर टोचून खातील त्यांना.”

मधुसूदन खिडकीत पेपर धरून उभे होते. पान मात्र मघापासून उलटलं नव्हतं. “तिला वाटेल ते लिहू दे,” ते एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली ती लहान मुलासारखी भीती ऐकून मनस्विनीला वाटलं, टाकावं दोन शब्द. साइट हॅक झाली. दोन शब्द काय, तीन शब्द. उद्या समिती बसेल, पान वर आलेलं असेल, नाव आपलं राहील.

तिनं ते तीन शब्द लिहिले. वाचले. हॅक झाली म्हणजे कुणीतरी चोर होता. तिनं स्वतःच काल दिवसभर डोकं लावून सिद्ध केलं होतं की चोर नव्हता. एक सभ्य माणूस होता, त्याला नाही म्हणता येत नव्हतं. खोटं लिहून ती सुटली असती, आणि पुढच्या वेळी एखादी गोड मेल आली तर घरातलं कुणीच सावध झालं नसतं.

तिनं तिन्ही शब्द पुसले आणि खुर्ची मागं सारली.

“आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. मी खरं लिहिणार आहे. लिंका विकल्या, माझ्या बाबांनी विकल्या, काय करतोय ते त्यांना माहीत नव्हतं, आणि खातं माझं होतं, मी कधी पान खालपर्यंत बघितलं नाही. चूक दोघांची. आणि हेही लिहिणार की विकणाऱ्याला शिक्षा करता तशी विकत घेणाऱ्यालाही करा, आणि पाण्याचं पान पुसायच्या आधी निदान एकदा दार वाजवा.”

“तीन आठवडे लागतील, मनू,” मधुसूदन म्हणाले. “तोवर यादी शिवराजकडं जाईल. तुझी पाणीपाळी...”

“माहितीय मला!” तिचा आवाज फाटला. तिनं डोळे मनगटानं पुसले आणि पुन्हा ताठ झाली. “म्हणून दुसरंही ठरवलंय. यादी उद्या समितीनं द्यायची वाट मी बघणार नाही. आत्ताच बीड बायपासला जाऊन मी स्वतः शिवराजकाकांना देणार आहे. वीसही गल्ल्या, शेवटच्या गल्लीसकट, आणि रोज संध्याकाळी वेळा मीच चढवणार, त्यांच्या साइटवर. लोक तिथं बघतायत ना, मग पाणी तिथं दिसू दे. बाबा, चला. गाडी काढा.”